जुन्या मोटारीची बॅटरी : थंडीपूर्वीच पारखून घ्या

डिसेंबरच्या पहाटे सेल्फ मारल्यावर नुसताच ‘कट् कट्’ आवाज आला, की दोष थंडीच्या माथी मारला जातो. वस्तुतः बॅटरी खंगते ती एप्रिल-मेच्या उन्हात. उष्णतेने तिच्यातील शिशाच्या जाळ्या लवकर गंजतात, पाणी उडून जाते; मात्र त्या दिवसांत इंजिन सहज फिरत असल्याने अशक्त बॅटरीही वेळ मारून नेते. पारा उतरला की आतील रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमके तेव्हाच ऑइल घट्ट झाल्याने इंजिनाला अधिक जोर लागतो. शून्य अंशाला बॅटरीची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. आपल्याकडे निफाडसारखे अपवाद वगळता एवढी थंडी सहसा पडत नाही. पण खंगलेल्या बॅटरीला पुण्या-नाशिकची १० अंशांची पहाटही भारी पडते. डिझेल मोटारीला तर सुरू होण्यासच अधिक जोर लागतो.

स्वतःच्या मोटारीची बॅटरी कधी बसविली, हे मालकाला ठाऊक असते. जुनी मोटार घेणाऱ्याला तो इतिहास मिळत नाही. मोटार किती किलोमीटर धावली यावरून बॅटरीचे वय कळत नाही. उलट महिनोन्महिने दारात उभ्या असलेल्या ‘कमी वापराच्या’ मोटारीची बॅटरीच अधिक बिघडलेली असते. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली, की पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तो पुढे चार्जिंगनेही सुटत नाही. म्हणून विक्रेत्याकडे वॉरंटी कार्ड मागावे. ते नसेल तर बॅटरीवर उमटविलेला निर्मितीचा संकेतांक अधिकृत विक्रेत्याला दाखवावा. चार वर्षे उलटलेली बॅटरी सुरळीत चालत असली, तरी ती बदलण्याचा खर्च मोटारीच्या किमतीतच धरावा.

साधा मल्टिमीटर बरेच काही सांगतो. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा, १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.८ ते १४.४ दरम्यान यायला हवा. तो येत नसेल तर दोष अल्टरनेटरच्या बाजूला असू शकतो आणि नवी बॅटरी घालूनही दुखणे कायम राहील.

येथे एक सावधगिरी हवी. ग्राहक येण्यापूर्वी मोटार फिरवून आणली किंवा बॅटरी चार्ज केली, तर व्होल्टचा आकडा फसवा दिसतो. बॉनेटला हात लावून पाहावा. ते गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. काही बॅटऱ्यांवरील हिरव्या ‘डोळ्या’वरही विसंबू नये. तो सहापैकी एकाच कप्प्याची स्थिती दाखवितो. खरी कसोटी भाराची. सेल्फ फिरताना दाब साधारण साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरीचे दिवस भरले असे समजावे. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्टरवर ही तपासणी काही मिनिटांत होते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती धुवावी. वायर सोडताना आधी ऋण, जोडताना आधी धन. या वेळी जवळपास काडी पेटवू नये, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास पाण्याची पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, बाटलीबंद पिण्याचे पाणी नव्हे.

आधीच्या मालकाने हौसेने बसविलेली म्युझिक सिस्टीम वा अलार्म मोटार बंद असतानाही वीज खात असेल, तर उत्तम बॅटरीही आठवड्यात बसते. इलेक्ट्रिशियनकडून तेवढे मोजून घ्यावे. नवी बॅटरी घेतल्यास जुनी दुकानदाराकडेच द्यावी. तिचे पैसे बिलातून वजा होतात, आणि २०२२च्या नियमांनुसार शिसे व आम्ल असलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही.