जपानचा उन्हाळा आणि आपले कपाट : पाच-तीन-एकचा हिशोब



दर वर्षी एप्रिल-मेच्या सुमारास भारतातून नवी कुटुंबे इकडे येतात आणि आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "उन्हाळ्याचे कपडे किती आणि कुठले आणू?" कुणी थंडीच्या धास्तीने बॅगभर स्वेटर आणतात, तर कुणी वीस टी-शर्ट. इथल्या घरातले कपाट मात्र दोन हातांत मावेल एवढेच असते. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

हवा कशी असते?

तोक्योच्या परिसरात साधारण जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत 'त्सुयू' म्हणजे पावसाळा असतो. तो सरला की खरा उन्हाळा सुरू होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत रेंगाळतो. पारा ३५ अंशांवर गेला की त्या दिवसाला 'मोशोबी' म्हणतात. रात्रीही तो २५ च्या खाली उतरला नाही तर ती 'नेत्ताइया'. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गुन्मा प्रांतातल्या इसेसाकी येथे ४१.८ अंशांची नोंद झाली.

नागपूर-जळगावकरांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण तिकडचे ऊन कोरडे, घाम लगेच वाळतो आणि अंग गार होते. इथे हवा मुंबई-कोकणासारखी दमट, त्यामुळे घाम अंगावरच राहतो. २०२४ साली मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत उष्माघाताच्या (जपानीत 'नेच्चूशो') ९७ हजारांहून अधिक रुग्णांना रुग्णवाहिकेने दवाखान्यात न्यावे लागले. तेव्हा हा विषय केवळ हौसेचा नाही.

त्यात भर म्हणजे बाहेर भट्टी आणि आगगाडीत, दुकानात कडक एसी. थोडक्यात, एकाच दिवसात घाम, पाऊस आणि गारठा या तिन्हींना पुरे पडतील असेच कपडे हवेत.

पाच-तीन-एक

एका माणसाला एवढे पुरते :

• वरचे ५ : सदरे, शर्ट, कुर्ती. त्यातले किमान दोन पातळ कापडाचे पण पूर्ण बाह्यांचे (ऊन, एसी आणि संध्याकाळचे डास, तिन्हींसाठी).
• खालचे ३ : दोन ऑफिसला चालतील अशा पँट किंवा सलवार, एक घरची-फिरायची.
• वरून घ्यायचे १ : पातळ कार्डिगन, जाकीट किंवा सुती ओढणी. हे कायम पिशवीत असावे.

रंग एकमेकांशी जुळणारे घ्या. पांढरा, गडद निळा, काळा यांवर घामाचे डाग कमी दिसतात, राखाडीवर लगेच दिसतात. पाच आणि तीनच्या पंधरा जोड्या होतात! शिवाय रोज बदलायला चार-पाच आतले कपडे. पांढऱ्या शर्टाखाली पांढरे नव्हे, तर अंगाच्या रंगाचे बनियन घाला, ते दिसून येत नाही.

कापड कुठले?

सुती चांगले, पण जाड सुती नको. जीन्स आणि जाड टी-शर्ट घामाने जड होतात आणि दोन-दोन दिवस वाळत नाहीत. मलमल, पातळ खादी, लिनन उत्तम. चुण्यांचे कापड अंगाला चिकटत नाही, कारण मधून हवा खेळते. निइगाता प्रांतातल्या ओजिया गावाचे 'चिजिमी' याच तत्त्वावर विणतात. ते महाग असते, पण त्याच गुणाचे 'सीअरसकर' कुठेही स्वस्तात मिळते. हा शब्द मूळ फारसी 'शीर-ओ-शकर', म्हणजे दूध-साखर, यावरून आला आहे आणि हिंदुस्थानातूनच इंग्रजांकडे गेला. आतून घालायला युनिक्लोच्या 'एअरिझम'सारखी झटपट वाळणारी बनियने बरी पडतात.

ऑफिसात काय चालते?

२००५ साली जपानच्या पर्यावरण खात्याने 'कूल बिझ' मोहीम सुरू केली : खोलीचे तापमान २८ अंश आणि टाय-कोटाला सुट्टी. त्यामुळे उन्हाळ्यात बिनटायचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट बहुतेक ठिकाणी चालतो. तरी ग्राहकाकडे जाण्याआधी आपल्या वरिष्ठांना विचारून घ्यावे. महिलांनी आखूड सुती कुर्ती आणि पँट घातली तर कुणाला वावगे वाटत नाही. पायमोजे मात्र जवळ ठेवावेत, आणि ते फाटके नकोत! कुणाच्या घरी किंवा तातामीच्या खोलीत बूट काढावे लागतात आणि अनवाणी जाणे बरे दिसत नाही.

तिकडून काय आणावे, इथे काय घ्यावे?

तिकडून : सुती कुर्ते, सुती ओढण्या, लेंगे आणि दोन-तीन पंचे. घाम पुसायला इथले लोक 'तेनुगुई' बाळगतात, तो आपल्या पंच्याचाच धाकटा भाऊ. बायकांचे २५ सेंटिमीटरपेक्षा मोठे पाऊल असेल तर चपला-बूटही आणावेत, इथे सहज मिळत नाहीत.

इथे : बनियने, पायमोजे आणि 'सेइउ केन्यो' म्हणजे ऊन-पाऊस दोन्हींची छत्री. पुरुषही आता उन्हात छत्री वापरतात, संकोच नको. कपडे एक माप मोठे घालून बघा. महिलांच्या मापांत ९ म्हणजे साधारण मीडियम.

धुणे-वाळवणे

नवा कपडा घेताना एकच कसोटी लावा : रात्री धुतला तर सकाळी वाळेल का? त्सुयूत कपडे घरातच वाळवावे लागतात आणि जितका वेळ ओले राहतील तितका कुबट वास येतो. दोन कपड्यांत मूठभर अंतर ठेवा, लांब-आखूड आलटून पालटून टांगा आणि पंखा लावा. कपाटात ओल शोषणारे डबे ठेवा, नाहीतर रेशमी साडीवर बुरशी आलीच म्हणून समजा.

आईबाबा येणार असतील तर

२०२४ च्या त्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक ६५ वर्षांवरचे होते आणि सर्वाधिक लोकांना त्रास घरातच झाला. आपली वडीलधारी मंडळी "एसीने अंग धरते" म्हणून तो बंद करतात. त्यांना सुती लुगडे, सदरा-लेंगा द्या, खांद्यावर ओढणी किंवा पंचा, पायांत मोजे द्या, पण एसी चालू राहू द्या. नायलॉन, पॉलिएस्टरच्या साड्या तिकडेच राहू देत.

आणि गणपती?

गणेशोत्सव ऐन ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. हॉलवर जाईपर्यंत पैठणीत जीव नकोसा होतो. त्याऐवजी सुती इरकल, नारायणपेठ किंवा हलकी महेश्वरी नेसा. पैठणी दिवाळीसाठी राखून ठेवा, तोवर हवा छान होते.

तर मंडळी, बॅग भरताना संख्या नव्हे, वाळण्याचा वेग मोजा. उरलेल्या जागेत दोन किलो गोडा मसाला सहज मावेल!