माग चावडीपर्यंत

आमच्या अवसरी बुद्रुकात माझा पणजा येसकर होता. आजी सांगायची, गावात चोरी झाली की पहिली हाळी त्याला. धुळीतलं पाऊल हेरायचं, शिवेपर्यंत माग काढायचा, पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. माग शिवेबाहेर गेला नाही तर चोर गावातच, आन् आधी झडती महारवाड्याची.

मला ही आजीची गोष्टच वाटायची. पुढं पाळी सुटल्यावर वाचायला लागलो तेव्हा एल्फिन्स्टनचा अहवाल हाती आला. पेशवाई बुडाल्यावर 1819 साली लिहिलेला. त्यात हीच रीत. जागल्या कुठं रामोशी, कुठं भिल्ल, कुठं आपला महार. चोर सापडला नाही तर गेलेल्या मालाची भरपाई त्यानं ऐपतीप्रमाणं करायची, उरलेली गावानं. ऐपत! ज्याला वेशीबाहेर ठेवून भाकरीच्या तुकड्यावर राबवलं, तोच चोरीचा विमा!

आन् त्याच काळात वर काय चाललं होतं? दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात मामलतींचा लिलाव. ज्याची बोली चढी त्याला मामलत. बोलीचा पैसा रयत सोलून काढायचा. फिर्याद करायची तर न्यायालाही तोच बसलेला. गावोगावचा चोरलेला माल असा राजरोस पुण्याला पोचायचा. याचा माग काढायला कुणा जागल्याला हाळी आली नाही.

इंग्रज आले, लिलाव गेला, धंदा राहिला. 1888 साली मध्य विभागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्यावर चौकशी बसली. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट याच्याच नावचं. आरोप असा, की नेमणुका आणि बदल्यांसाठी साहेब मामलेदारांकडून पैसे खातो. मधला दलाल हणमंतराव. सरकारनं अभय दिलं तेव्हा मामलेदारांनी स्वतःच सांगितलं, होय, आम्ही पैसे दिले. तरी आयोगानं लाच शाबीत धरली नाही. हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढलं, एवढ्यावर साहेब नोकरीतून गेला. मग या मामलेदारांचं काय, म्हणून पुणं तापलं. टिळक त्यांच्या बाजूनं उभे राहिले. 1889 साली त्यांच्या अभयाचा कायदाही झाला.

पण मामलेदारानं दिलेला पैसा आला कुठून? पगारातून? जोतीरावांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारी कामगारांची लाचखोरी आधीच उघडी करून ठेवली होती. 1889 चा कायदा पैसे देणाऱ्यांच्या अभयाचा होता, ज्यांच्याकडून ते उकळले त्यांच्या भरपाईचा नव्हता. जागल्याकडून मात्र भरपाई.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतन बिल मांडलं. वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. तोवर पणजा चावडीवर हजेरी देतच होता.