रायचूरला जाड तार, विहिरीला बारीक

31 डिसेंबर 2013. देशाच्या वीज इतिहासातली ही मोठी तारीख आहे आणि तिच्यात नाव आपल्या सोलापूरचं आहे. त्या दिवशी पॉवर ग्रिडची सोलापूर-रायचूर ही 765 केव्हीची, 208 किलोमीटरची लाइन सुरू झाली. दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडलं गेलं. 'एक देश, एक ग्रिड' झालं ते आपल्या दारात. आपल्याकडे हे कुणी फारसं सांगत नाही, म्हणून लिहितोय.

या लाइनमागचं तत्त्व दहावीच्या पुस्तकातलं आहे. जर्मनीच्या ओहमने 1827 साली ते मांडलं. तार जितकी लांब, तितका रोध जास्त. तार जितकी जाड, तितका रोध कमी. व्यास दुप्पट केला तर रोध थेट चौथाईवर येतो. पाइपलाइन टाकणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

लांबीने भल्याभल्यांना अडवलंय. एडिसनने 1882 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 110 व्होल्टवर वीज दिली, पण गिऱ्हाईक मैलभराच्या आतच. त्यापुढे जायचं तर तांबं इतकं जाड लागे की धंदाच परवडेना. मग दुसरी वाट सापडली: व्होल्टेज वाढवा. तेवढीच वीज दुप्पट व्होल्टेजने पाठवली तर करंट निम्मा होतो आणि तारेत जळणारी वीज चौथाई. 1891 मध्ये जर्मनीतच लाउफेनहून फ्रँकफर्टला 175 किलोमीटर वीज नेऊन हे सिद्ध झालं. 1915 पासून खोपोलीच्या टाटांच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, त्या याच हिशोबाने.

सोलापूर-रायचूर लाइनवर दोन्ही उपाय आहेत. व्होल्टेज 7 लाख 65 हजार. आणि टॉवरखालून जाताना वर बघा, प्रत्येक फेजला एक तार नाही, चार तारांचा जुडगा आहे.

आता मान खाली करा आणि आपल्या शिवारात या. डीपीपासून विहीर 600 मीटर. पाच एचपीची मोटार, करंट साधारण साडेसात अँपिअर. केबल 4 स्क्वेअर एमएमची अॅल्युमिनियमची, कारण ती स्वस्त. ढोबळ हिशोब केला तर वाटेतच 50 व्होल्ट गळतात. डीपीवर 415 असले तरी मोटारीला मिळतात 365. संध्याकाळी डीपीवरच कमी असतात, मग बोलायलाच नको. मोटार तेवढंच पाणी उपसायला जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. तीच केबल 10 स्क्वेअर एमएमची असती तर गळती 20 व्होल्टच्या आसपास राहिली असती.

मोटार जळाली की आपण वायरमनला शिव्या घालतो, नाहीतर नशिबाला. दोष बऱ्याचदा तारेच्या मापाचा असतो आणि रिवाइंडिंगचं बिल शेतकरी भरतो. डाळिंबाला पाणी चुकलं ते वेगळंच.

यावर उपाय नवा नाही. 2018 पासून महावितरणने उच्चदाब वितरण प्रणाली आणली: 11 केव्हीची लाइन शेतापर्यंत आणायची आणि एक-दोन शेतकऱ्यांत एक छोटी डीपी द्यायची. 415 ऐवजी 11 हजार व्होल्टने वीज आणली तर त्याच तारेतली गळती सुमारे 700 पट कमी होते. पण जुनी कनेक्शनं अजून लांबलचक एलटी लाइनवर लटकलेली आहेत.

माझं म्हणणं एवढंच. ग्रामसभेत 'व्होल्टेज मिळत नाही' एवढ्यावर थांबू नका. डीपीपासून शेवटची विहीर किती लांब आहे, तार किती जाडीची आहे आणि तिच्यावर किती मोटारी आहेत, हे तीन आकडे लेखी मागा. आणि स्वतः केबल घेताना दुकानदाराला नुसता एचपी सांगू नका, अंतरही सांगा.

208 किलोमीटरचं कोडं आपल्या जिल्ह्यात सुटलंय, मग 600 मीटरचं का सुटू नये?

तुमची विहीर डीपीपासून किती मीटरवर आहे आणि केबल कितीची आहे? कमेंटमध्ये लिहा.