पातळ मध

आमच्या घरात मध दोन जागी असायचा. मुंबईचा देवघराशेजारच्या फळीवर, रानातला चुलीमागच्या फडताळात. मुंबईचा भाऊ आणायचे. आमच्या वडलांना आम्ही भाऊच म्हणत असू. ते गिरणीत कामाला होते. मे महिन्यात, गणपतीला नाहीतर शिमग्याला घरी यायचे आणि ट्रंकेतून लेबल लावलेली एक बाटली काढायचे. तो मध काचेसारखा नितळ, चमच्यावरून दोरीसारखा सुटणारा. रानातला मध काळपट, पातळ, वर फेस धरलेला. औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलेला आणि लाकडी बूच ठोकलेला. आजीला दमा होता. अडुळशाचा रस ती मधातून घ्यायची, त्यामुळे मध हा आमच्याकडे खाऊ नव्हता, औषध होतं. आम्हा पोरांना बोट लावायची बंदी.

गाव चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी मुळाशी. रानातला मध द्यायला कातकरवाडीवरचा एक म्हातारा यायचा. चैत्र सरता सरता, जांभळीचा मोहोर गळून गेला की एके सकाळी तो अंगणात उभा. कमरेला कोयता, खांद्याला झोळी. आजी तांदूळ घालायची, वर चहा. पैसे क्वचितच. तो आणायचा तो बहुतेक सातेरीचा मध. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, वारुळात, जांभ्याच्या पडक्या भिंतीत, अशी अंधारात एकाशेजारी एक पोळी बांधते. आग्या उघड्यावर, उंच झाडाला किंवा कड्याला एकच मोठं पोळं लावतो. आग्या काढायला काळोखी रात्र, धुराची चूड आणि जिवावर उदार झालेला माणूस लागतो. तिसरी फुलोरी, करवंदीच्या जाळीत एवढंसं पोळं लावणारी; तिचा मध पोरांच्या वाट्याचा.

म्हातारा सांगायचा, "पोळ्याच्या वरल्या अंगाला मध, खाली पोरं. पोरांना हात लावायचा नाय." म्हणजे वरचा मधाचा भागच कापायचा, पिल्लांची घरं सोडून द्यायची. घाईचा माणूस सगळंच फडक्यात घालून पिळतो. मग त्यात पिल्लांचा चीक उतरतो, मध गढूळ होतो आणि लवकर आंबतो. ही गोष्ट मला पुढे एका वर्गात बसून शिकवली गेली. त्याला ती कुणी शिकवली नव्हती.

एका वर्षी श्रावणात फडताळात फट्ट आवाज झाला. बूच उडून मध भिंतीवर. वास ताडीसारखा. गणपतीला भाऊ आले, त्यांनी बाटली हुंगली आणि निकाल दिला, "पाणी घातलंय." आजी म्हणाली, असेल बाबा, म्हातारा आता थकला. पुढल्या वैशाखात म्हातारा आला तेव्हा भाऊ रजेवर घरीच होते. चार माणसं पडवीत बसलेली. भाऊंनी आतून मुंबईची बाटली आणून त्याच्या बाटलीशेजारी ठेवली आणि म्हणाले, "हा बघ मध. आणि हे बघ तुझं."

म्हाताऱ्याने दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. आपल्यातला थेंब तळहातावर घेतला, चाटला. "पातळ हाय भाऊ," तो म्हणाला, "पन खोटा नाय." बाटली झोळीत टाकली, तांदूळ न घेता गेला. परत आमच्या अंगणात आला नाही. आजी शेवटपर्यंत मुंबईचा मध घेत राहिली.

1982 च्या संपात भाऊंची गिरणी गेली ती गेलीच. ते गावी आले. माझं शिक्षण अर्धवट, घरात चणचण. त्या दिवसांत कुणीतरी खादी मंडळाच्या मधपेट्यांचं सांगितलं आणि मी पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला शिकायला गेलो. तिथलं मधाचं काम 1946 पासूनचं, म्हणजे स्वातंत्र्याआधीचं. पुण्याला 1962 मध्ये खादी आयोगाने मधमाश्यांची केंद्रीय संशोधन संस्था काढली, तिच्याही आधीचं.

पेटीची कथा मात्र साता समुद्रापलीकडची. 1851 मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या ध्यानात आलं की, माश्या दोन पोळ्यांमध्ये ठरावीक अंतराची वाट मोकळी ठेवतात, ती बुजवत नाहीत. तेवढं अंतर राखून चौकटी टांगल्या तर पोळं न मोडता बाहेर काढता येतं. आपल्या सातेरीचा जीव लहान, तिला त्या मापाची पेटी मोठी पडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत न्यूटन नावाच्या दुसऱ्या एका पाद्र्याने तिच्यापुरती लहान पेटी केली. खालच्या मजल्यावर पिल्लं, वरच्या मजल्यावर मध. वरच्या चौकटी यंत्रात घालून गरगर फिरवल्या की मध बाहेर, पोळं शाबूत. म्हाताऱ्याचा कोयता जे करायचा तेच, फक्त न कापता.

तिथेच एकदा शिकवणाऱ्यांनी दुर्बिणीसारखं एक छोटं यंत्र काढलं, काचेवर मधाचा थेंब टाकला आणि आळीपाळीने बघायला दिलं. मधात पाणी किती ते त्यात आकड्यात दिसतं. फुलातला रस पाण्यासारखाच असतो. माश्या पंखांनी वारा घालून तो आटवतात आणि पिकला की मेणाचं झाकण घालतात. पण जिथे हवाच ओली तिथे मध आटणार किती? कोकणातल्या सातेरीचा मध पातळ राहायचाच. आणि पाणी विसाच्या वर गेलं की त्यातलं रानटी खमीर जागं होतं. बाटलीचं बूच उडवायला वरून पाणी घालावं लागत नाही, श्रावण पुरतो.

मी घरी येऊन हे भाऊंना सांगितलं. ते पडवीत बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हातारा हाय का रे अजून?" तो आदल्या पावसाळ्यात गेला होता.

मी चार पेट्या ठेवल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून पाय पाण्याच्या वाट्यांत. पावसाळ्यात आमच्याकडे चार महिने माशीला बाहेर पडता येत नाही, तेव्हा तिला जगवायला साखरेचा पाक द्यावा लागतो. नियम एवढाच की फुलोरा सुरू झाल्यावर पाक बंद, आणि पाकाच्या दिवसांतला मध काढायचा नाही. पण मी पाक ठेवताना वाडीतल्या दोघांनी बघितलं आणि बोलबाला झाला की हा साखर घालून मध करतो. भाऊ ते ऐकायचे आणि गप्प बसायचे. पुढे आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्यासाठी फवारण्या वाढल्या. सकाळी पेटीच्या दारात मेलेल्या माश्यांचा सडा. दोन पेट्या अशा गेल्या, मग मीच नाद सोडला.

पेट्या गेल्या तरी खरा मध कसा ओळखायचा हे लोक अजून मलाच विचारतात. पाण्यात तळाशी गेला की खरा, वात भिजवून पेटली की खरा, कुत्र्याने तोंड लावलं नाही की खरा. गुळाचा दाट पाकही पाण्यात तळाला जातो. ओलसर खरा मध वातीला तडतडतो. कुत्र्याचं कुत्र्याला ठाऊक. उलट बाटलीत रवाळ साका बसला की लोक साखर म्हणून दुकानात परत नेतात, आणि तो तर बहुतेक मधांचा स्वभावच आहे. हमरस्त्यावर बादलीत पोळं, वर चार मेलेल्या माश्या ठेवून खाली गुळाचा पाक विकणारेही मी बघितले आहेत. एकदा शहरातल्या एका दुकानातून मी स्वतः 'रानमध' आणला. वर्षभर ना साका, ना फेस, ना वास. भाऊंच्या बाटलीसारखाच.

प्रयोगशाळाही फसते, हे डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दाखवलं. 13 ब्रँडचे 22 नमुने तपासले, त्यातले पाचच सगळ्या कसोट्यांना उतरले. ऊस आणि मका यांची साखर ओळखणारी तपासणी जुनी आहे, कारण त्या पिकांतल्या कार्बनची घडण वेगळी असते. तांदळाची घडण मात्र मध देणाऱ्या फुलझाडांसारखीच. म्हणून मग तांदळाचा पाक. तो जर्मनीतल्या प्रयोगशाळेत सापडला. दुसरीकडे सरकारी नियमात मधाला पूर्वी 25 टक्के पाणी चालायचं, आता मर्यादा 20. म्हणजे आमच्या म्हाताऱ्याची बाटली आज कागदावर नापास, आणि पाकाची पास व्हायची शक्यता जास्त. कारखान्यात मध तापवून पाणी उडवतात, मग तो नियमात बसतो. तापवलेला मध खाऊ नये असं चरकाने सांगितलं आहे, पण चरकाला कोण विचारतो.

आता मी मध कातकरवाडीवरूनच घेतो, म्हाताऱ्याच्या नातवाकडून. पहिल्या वर्षी तो द्यायला तयार नव्हता. "तुमच्या घरात चालत नाय ना," म्हणाला. दुसऱ्या वर्षी मी त्याच्याबरोबर रानात गेलो, ढोलीपर्यंत. मेणाची झाकणं घातलेला भाग तेवढा त्याने कापला, खालचं राहू दिलं. जांभळाचा मध, किंचित कडवट. तो आम्ही गणपतीच्या आत संपवतो, आणि वर्षाच्या आतल्या नातवंडाला त्याचं बोटही लावत नाही, डॉक्टरांनी तसं बजावलं आहे.

बाटली देताना तो दर वेळी सांगतो, "झाकन घट लावू नका, काका. फुटंल."