हुकूमशाही देश आणि अपंगांचे हक्क : उत्तर कोरियाचे उदाहरण

हुकूमशाही राजवटीशी अपंग व्यक्तींच्या हक्कांवर चर्चा करावी की बहिष्कार टाकावा? कार्यकर्त्यांच्या अभ्यासासाठी उत्तर कोरियाचे उदाहरण आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

करार काय आहे?

संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी मंजूर केला. अपंगत्व हा दयेचा नव्हे, हक्काचा विषय आहे, हा त्याचा गाभा. भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा याच करारातून आला.

उत्तर कोरियात काय घडले?

२०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये या देशाचा खेळाडू प्रथमच उतरला. २०१३ मध्ये करारावर सही झाली. २०१४ मध्ये न्या. मायकेल कर्बी यांच्या चौकशी आयोगाने तेथे मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असल्याचा निष्कर्ष काढला. जन्मावरून दर्जा ठरवणारी ‘सोंगबुन’ पद्धत आणि अपंगांशी होणारा भेदभावही आयोगाने नोंदवला. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने कराराला मान्यता दिली.

मे २०१७ मध्ये अपंग हक्कांच्या विशेष प्रतिनिधी कॅटालिना देवांदास यांना प्रवेश मिळाला. त्या कोस्टारिकाच्या वकील असून स्वतः व्हीलचेअर वापरतात. मानवाधिकार परिषदेच्या स्वतंत्र तज्ज्ञाला या देशाने दार उघडण्याची ही पहिलीच वेळ. इमारती व सेवा अपंगांसाठी सुगम नाहीत, कागदावरची वचने प्रत्यक्षात आणा, असे त्यांनी सरकारला सांगितले.

मर्यादा

देशातील एकूण मानवी हक्कांसाठी २००४ पासून नेमलेल्या विशेष प्रतिनिधीला मात्र एकदाही प्रवेश मिळालेला नाही. राजवटीला जो विषय निरुपद्रवी वाटतो, त्यापुरतेच दार उघडते. अशा वेळी अपंग व्यक्ती राजवटीच्या प्रतिमेची सजावट ठरण्याचा धोका असतो.

आमची भूमिका

तरीही चर्चा व्हावी, असे आम्हाला वाटते. करार मान्य केला की ठरावीक काळाने अहवाल द्यावा लागतो आणि जाब विचारायला आधार मिळतो. मात्र तीन प्रश्न सोडू नयेत : अपंग व्यक्तींना अधिकाऱ्यांविना बोलता येते का? राजधानीबाहेरची गावे पाहू दिली जातात का? तुरुंगातील अपंगांचे काय?

आंबेडकरी चळवळीला हा मार्ग नवा नाही. २००१ च्या डरबान परिषदेत जातीचा प्रश्न नेला, तेव्हा भारत सरकारने त्याला विरोध केला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने जन्माधारित भेदभावात जातीचा स्पष्ट समावेश केला. ‘अंतर्गत बाब’ या सबबीने कोणाची माणुसकी नाकारता येत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. म्हणून प्याँगयांगमधील अपंग माणसाचा प्रश्नही आपलाच आहे.

जय भीम!