मेम्फिसची 'ऑनसाइट' टीम

ऑनसाइट हा शब्द आपल्या धंद्यात रुळायच्या कितीतरी आधीची गोष्ट. १९६७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातून एक टीम तीन-साडेतीन आठवड्यांसाठी युरोपला गेली. टीम होती 'स्टॅक्स' नावाच्या छोट्याशा रेकॉर्ड कंपनीची आणि तिचा हुकमी एक्का होता २५ वर्षांचा ओटिस रेडिंग. कार्ला थॉमसबरोबरचा त्याचा 'किंग अँड क्वीन' हा अल्बम त्याच महिन्यात बाजारात आला होता. सोल संगीताच्या इतिहासात हा दौरा फार मोठा मानला जातो. मला मात्र त्यात आपल्यासारख्या नोकरदार मंडळींची एक वेगळीच गोष्ट दिसते.

आधी थोडी पार्श्वभूमी. सोल म्हणजे, ढोबळमानानं, कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल आणि बाहेरचं ब्लूज यांचं मिश्रण. जिम स्ट्युअर्ट आणि एस्टेल अ‍ॅक्स्टन हे गोरे भाऊ-बहीण. भाऊ बँकेत नोकरीला. बहिणीनं घर गहाण टाकून रेकॉर्डिंग मशीन घेतलं. १९६० मध्ये त्यांनी मॅकलेमोर अ‍ॅव्हेन्यूवरचं एक बंद पडलेलं थिएटर भाड्यानं घेतलं आणि तिथे स्टुडिओ थाटला. थिएटरची उतरती जमीन तशीच ठेवली. बाहेर जिथे खाऊचा स्टॉल होता तिथे एस्टेलबाईंनी रेकॉर्डचं दुकान काढलं. आत झालेलं गाणं बाहेर दुकानातल्या पोरांना ऐकवायचं आणि त्यांचे पाय हलतात का ते बघायचं. यूजर टेस्टिंग म्हणतात ते हेच की!

घरची वाद्यवृंदाची टीम म्हणजे 'बुकर टी अँड द एमजीज'. बुकर टी जोन्स आणि ड्रमर अल जॅक्सन हे दोघं काळे, गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर आणि बेसवाला डक डन हे दोघं गोरे. त्या काळच्या मेम्फिसमध्ये अशा चौघांनी एका टेबलावर बसून जेवणं हीसुद्धा सोपी गोष्ट नव्हती. त्यांना निवांत बसता येईल अशी मोजकी ठिकाणं होती, त्यातलं एक लॉरेन मोटेल. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

ओटिस १९६२ मध्ये या स्टुडिओत पहिल्यांदा आला तो चक्क दुसऱ्या एका गिटारवाल्याची गाडी चालवत. त्याचं रेकॉर्डिंग लवकर आटपलं, उरलेल्या वेळात ड्रायव्हरला गाऊ दिलं, आणि 'दीज आर्म्स ऑफ माइन' तयार झालं. पुढची चार-पाच वर्षं ही मंडळी रोज त्या खोलीत बसून गाण्यांमागून गाणी करत राहिली. ती रेडिओवर वाजायची, पण समुद्रापलीकडे त्यांचं काय होतंय याचा पुरता अंदाज बहुतेकांना नव्हता.

तो आला युरोपात. लंडनमध्ये बीटल्सनी त्यांच्यासाठी गाड्या पाठवल्या होत्या, हा किस्सा यातल्या वादकांनी पुढे अनेकदा सांगितलाय. १७ मार्चला लंडनच्या फिन्सबरी पार्क अ‍ॅस्टोरियात सुरुवात, २१ मार्चला पॅरिसचं ऑलिंपिया, ७ एप्रिलला ऑस्लो. आर्थर कॉनली, कार्ला थॉमस, एडी फ्लॉइड, सॅम अँड डेव्ह आणि शेवटी ओटिस, असा क्रम. मागे साथीला मात्र तेच एमजीज आणि 'मार-कीज'चे ट्रंपेट-सॅक्सोफोनवाले. सॅम अँड डेव्ह स्टेज इतकं तापवून जायचे की त्यांच्यानंतर उभं राहणं ओटिसलाही जड जायचं. लोक नुसत्या गायकांच्या मागे नव्हते, ते क्रॉपरच्या आणि डनच्याही सह्या मागत होते. इतकी वर्षं बॅक ऑफिसमध्ये बसलेल्या टीमला क्लायंटच्या गावात गेल्यावर कळलं की आपण केवढं काम करून ठेवलंय!

फळही लगेच मिळालं. त्याच वर्षी 'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी सर्वोत्तम गायक म्हणून ओटिसला निवडलं. त्या जागेवर वर्षानुवर्षं एल्व्हिस प्रेस्ली ठाण मांडून होता. जूनमध्ये मॉन्टेरीला ओटिसनं हिप्पी श्रोत्यांना जिंकलं. या दौऱ्यातल्या रेकॉर्डिंगमधून जुलैमध्ये 'लाइव्ह इन युरोप' आला. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यानं 'डॉक ऑफ द बे' रेकॉर्ड केलं, आणि १० डिसेंबर १९६७ ला त्याचं विमान विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ मोनोना सरोवरात कोसळलं. वय २६. बरोबर 'बार-केज' या साथीच्या बँडमधली चार तरुण पोरंही गेली. ट्रंपेटवाला बेन कॉली तेवढा वाचला. मार्च १९६८ मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. ऐकायला गायक नव्हता.

आता मूळ मुद्दा. स्टॅक्सच्या रेकॉर्ड देशभर विकायचं काम न्यूयॉर्कच्या 'अ‍ॅटलांटिक'कडे होतं. सुरुवातीला सगळं तोंडी, हातात हात मिळवून. १९६५ मध्ये रीतसर करार झाला. जिम स्ट्युअर्टनं तो नीट न वाचता, विश्वासानं सही केली. पुढे अ‍ॅटलांटिकच विकली गेली आणि १९६८ मध्ये स्टॅक्स वेगळी व्हायला निघाली, तेव्हा कळलं की त्या कागदानुसार आजवर अ‍ॅटलांटिकनं विकलेल्या सगळ्या मूळ टेप्सची मालकी अ‍ॅटलांटिकची! सॅम अँड डेव्हसुद्धा मुळात अ‍ॅटलांटिकचेच, स्टॅक्सला जणू उसने दिलेले. तेही गेले. म्हणजे लंडन-पॅरिसमध्ये लोक खुर्च्यांवर उभे राहून ज्या गाण्यांना दाद देत होते, ती गाणी स्टॅक्सची राहिलेलीच नव्हती. दोन वर्षं आधीच एका सहीत गेली होती.

त्याच वसंतात, ४ एप्रिल १९६८ ला, लॉरेन मोटेलच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. जिथे काळे-गोरे एकत्र बसून गाणी लिहायचे तीच जागा. मेम्फिसमध्ये पूर्वीचा मोकळेपणा परत आला नाही.

स्टॅक्स तरी लगेच हरली नाही. जुना कॅटलॉग गेला म्हणून अल बेल या धडाकेबाज अधिकाऱ्यानं १९६९ मध्ये एका दमात २७ अल्बम काढले. त्यातल्या 'हॉट बटर्ड सोल'नं आयझॅक हेज मोठा झाला. पण डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळं वाजलंच. १९८९ मध्ये इमारत पाडली. २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय उभं राहिलं.

कुणी म्हणेल, यात दोष अ‍ॅटलांटिकचा. असेलही. पण मला वाटतं टाळ्या आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीलाच दुसरी समजतो. क्लायंट खूश, मॅनेजरची शाबासकीची मेल, सगळं छान. पण आपण लिहिलेला कोड कोणाचा, नोकरी सोडल्यावर काय बरोबर नेता येईल, हे ऑफर लेटरच्या कुठल्या कलमात आहे ते आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

असो. ऑस्लोच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं होतं, ते जरूर बघा. 'ट्राय अ लिटल टेंडरनेस'मध्ये ओटिसकडे तर बघाच, पण मागे अल जॅक्सनकडेही लक्ष ठेवा. सुरुवातीला नुसती काठीची टिकटिक, घड्याळासारखी. मग ती कशी कशी वाढत जाते ते ऐका. ती टिकटिक कागदावर कोणाच्याही नावे असो, आहे अल जॅक्सनचीच.