पत्र कोणाच्या घरात राहतं?

इतिहास म्हटला की आपल्याला बादशहा, लढाया आणि तह आठवतात. सामान्य कुटुंबाचा इतिहास मात्र पत्रांत सापडतो. कोकणातल्या कितीतरी घरांत आखातातून आलेली खतं पत्र्याच्या ट्रंकेत जपलेली असतात. पुढे खताची जागा ई-मेलने घेतली. तेव्हापासूनचा माझा प्रश्न एकच आहे : पत्र आता कोणाच्या घरात राहतं?

सुरुवातीला उत्तर सोपं होतं. १९८४ मध्ये 'पॉप' नावाचा नियमसंच आला आणि १९८८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती. सर्व्हरवरची पत्रं आपल्या संगणकावर उतरवायची, जोडणी तोडायची आणि निवांत वाचायची, एवढंच त्याचं तत्त्व. १९८८ मध्येच अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी 'युडोरा' हा प्रोग्राम याच कामासाठी लिहिला. पत्र वाचणाऱ्याच्या घरी येत होतं.

४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं आणि चित्र पालटलं. पेटी फुकट मिळाली, कुठूनही उघडता येऊ लागली. पण पत्रं कंपनीकडेच राहिली. आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं होतं. ते फोनच्या तारेवरून चाले. ब्राउझरमध्ये लांबलचक पत्र वाचायचं म्हणजे तेवढा वेळ फोनचं मीटर चालू. शिवाय हॉटमेलची फुकट पेटी दोन एमबीची. ती भरली की जुनी पत्रं पुसणं भाग असे.

म्हणून लोकांनी वाट शोधली. १९९९ च्या आउटलुक एक्स्प्रेस ५ मध्ये हॉटमेलची पत्रं थेट उतरवता येऊ लागली. मात्र जाहिराती वेबपानावरच दिसतात, आणि फुकट सेवेची कमाई जाहिरातींवर. एप्रिल २००२ मध्ये याहूने पॉपसाठी पैसे मागितले. २००४ मध्ये हॉटमेलच्या नव्या फुकट खात्यांनाही आउटलुकचा रस्ता बंद झाला.

त्यावर स्वयंसेवी प्रोग्रामरांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. 'याहूपॉप्स' हा छोटा प्रोग्राम तुमच्याच संगणकावर पॉप सर्व्हर असल्याचं सोंग घेई. आउटलुक त्याच्याकडे पत्रं मागे; तो गुपचूप याहूच्या संकेतस्थळावर जाऊन पानं वाचे आणि त्यातला मजकूर वेगळा काढून देई. याहूने पानांची रचना बदलली की तो अडकून पडे आणि नवी आवृत्ती काढावी लागे.

नोव्हेंबर २००४ मध्ये जीमेलने पॉप फुकट दिलं, २००९ पर्यंत हॉटमेलनेही दिलं. पण तोवर ब्रॉडबँड घरोघरी पोहोचू लागला होता. दार उघडलं तेव्हा पत्र घरी आणण्याची गरजच अनेकांना वाटेनाशी झाली.

गरज मात्र संपलेली नाही. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल डिसेंबर २०२३ पासून पुसू शकतं. खातेदार अल्लाहला प्यारा झाला, पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, तर त्याची पत्रंही त्याच्यामागे जातात. याउलट ज्याने ती थंडरबर्डमध्ये उतरवून ठेवली, त्याच्याकडे साध्या मजकुराची फाइल असते. ती दुसऱ्या प्रोग्राममध्येही उघडते. एक खबरदारी घ्यावी. 'आयमॅप' पद्धतीत सर्व्हरवर पुसलेलं पत्र आपल्याकडूनही जातं. म्हणून जपायची पत्रं 'लोकल फोल्डर्स'मध्ये उतरवून त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

आपला इतिहास इतरांनीच लिहिला, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती खरीही आहे. पण उद्या आपल्यापैकी कोणी तो लिहायला बसलं, तर त्याच्या हाती कागद आपणच द्यायला हवेत. आजोबांची खतं ट्रंकेने सांभाळली. अब्बांच्या ई-मेलना अजून ट्रंक मिळालेली नाही. ज्यांचे वडील हयात आहेत, त्यांनी या आठवड्यात त्यांच्याशेजारी बसून हे काम उरकावं.